दस्त्याचा दीड इंच

नानाकाका गेल्याचा शिरीषचा फोन आला तेव्हा मी गाझियाबादच्या माझ्या घरात भेंडी चिरत होते. "ताई, बाबा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि बस... खुर्चीतच." मी "येते" म्हटलं, फोन ठेवला, उरलेली भेंडी चिरली, झाकून ठेवली आणि मग साडी बदलली. रडू आलं नाही. मयूर विहारला काकांच्या घरी पोचेपर्यंत येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस कुणाला त्रास न देता गेला, असं जमलेले सगळे म्हणत होते. मी मान हलवत होते.

आता दीड महिना होऊन गेला. मध्यंतरी या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. "तुम्ही त्यांच्या पहिल्या शिष्या. एका मुलीला त्यांनी बंदूक हातात देऊन निर्भय कसं केलं, ते लिहा." मी हो म्हटलं आणि तीन वेळा लिहून तीन वेळा फाडलं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं हे मला ठाऊक आहे, आणि अशा लेखांत ते काढायचंही असतं. पण आमची म्हैस लाथा मारणारी होती आणि तिची प्रत्येक लाथ माझ्या उजव्या खांद्यावर बसलेली आहे. तेव्हा जे आहे ते लिहिते. छापायचं की नाही, संपादकांनी ठरवावं.

नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य काढलं, ऑफिसात शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध. उंच, ताठ, खणखणीत आवाजाचे. माझे आजोबा मध्य प्रदेशात जंगल खात्यात होते, सहा फुटांचे. त्यांनी स्वतःच्या मापानं एक विलायती दुनळी बंदूक करून घेतली होती. आजोबांमागे ती बंदूक नानाकाकांकडे आली, आणि उंचीही त्यांच्याकडेच आलेली असल्यामुळे ती त्यांच्या खांद्याला बरोबर बसली. दर रविवारी स्कूटरवर ती घेऊन ते दिल्लीच्या दक्षिण टोकाला नेमबाजीच्या रेंजवर जायचे आणि हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडून यायचे. नेम उत्तम होता, हे मी नाकारणार नाही. नेमाइतकाच त्यांना बोलण्याचाही शौक होता. मी युनिव्हर्सिटीत शिकत होते तेव्हा कधी ते मला स्कूटरवरून सोडायला यायचे, आणि रिजच्या टेकडीवरून जाताना दर वेळी हिंदूराव हॉस्पिटलकडे हात करून सांगायचे, "हिंदूराव. आपला माणूस. दिल्लीच्या डोक्यावर आपल्या माणसाचं नाव आहे, विसरू नकोस." मी हो म्हणायचे. दुसरं काही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

मला रेंजवर त्यांनीच नेलं. मी वीस वर्षांची होते. तिथे तेव्हा मुली जवळपास नव्हत्याच, आणि माझ्या आईचा विरोध असताना नानाकाकांनी तो एका वाक्यात मोडून काढला होता. त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत... मानते. पहिल्याच दिवशी माझी तिसरी तबकडी फुटली. केशरी चुरा आकाशात पसरला आणि कानात दडे बसलेले असतानाही मला माझंच हसू ऐकू आलं. त्या क्षणापासून मला दुसरं काही नको होतं. हिवाळ्यानंतर दिल्लीच्या संघाची निवड चाचणी होणार होती. मुलींच्या जागा रिकाम्याच असायच्या, बरा नेम असेल तर निवड होईल असं रेंजवरचे लोक म्हणत. मी रात्री अंथरुणात पडून संघाच्या कोटावरचा बिल्ला कसा दिसत असेल ते बघायचे.

दुखणं दुसऱ्या रविवारी सुरू झालं. बंदुकीच्या लाकडी मागच्या भागाला दस्ता म्हणतात. तो खांद्याच्या खळगीत घट्ट बसवायचा, गाल त्याच्यावर टेकवायचा, मग गोळी सुटल्यावर येणारा धक्का सगळ्या अंगात वाटला जातो. माझी उंची पाच फूट एक इंच. सहा फुटी माणसाच्या मापाचा तो दस्ता माझ्या खळगीत यायचाच नाही. हात लांब करकरून चाप गाठावा लागे, आणि तेवढ्यात दस्ता घसरून दंड आणि खांदा जिथे जुळतात त्या हाडावर जाई. धक्का तिथे बसायचा. गाल टेकायचा नाही, म्हणून लाकूड उसळून गालफडावर आपटायचं. शिवाय पोलक्याच्या आत जी पट्टी असते तिची लोखंडी कडी नेमकी दस्त्याखाली यायची आणि कातडीत रुतायची. हे मी काकांना सांगणार कसं? पन्नास काडतुसं झाली की खांदा आधी लाल, मग जांभळा, बुधवारपर्यंत पिवळा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा लाल. काकू आंबेहळद उगाळून लेप लावायची. लेप लावताना फुंकर घालायची.

रेंजवर इद्रीस मिस्त्री म्हणून बंदुका दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ बसत. एकदा त्यांनी मला नेम धरताना पाहिलं आणि खूण करून बोलावलं. कोपर काटकोनात वाकवायला सांगितलं, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवलं आणि म्हणाले, "अब उँगली से घोड़ा छुओ, बिटिया." माझं बोट चापापासून कुठल्या कुठे राहिलं. मिस्त्री हसले नाहीत. "डेढ़ इंच ज़्यादा है. ढाई काट दूँगा, इंच भर का रबड़ चढ़ा दूँगा. आधा दर्द वहीं ख़त्म. दो घंटे का काम है." मला इतका आनंद झाला की मी धावतच नानाकाकांकडे गेले.

आमच्याकडे खंडेनवमीला बंदुकीची पूजा होत असे. झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढ्याचा नैवेद्य. दिल्लीत राहून आपलं काही सुटू नये म्हणून काका सगळे सण कडक पाळत, आणि हा तर सगळ्यात कडक. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग मिस्त्रींच्या देखत, मराठीत, म्हणाले, "पूजेतल्या वस्तूला करवत लावत नाहीत. वस्तू माणसासाठी बदलत नसते, माणसानं तिच्या लायकीचं व्हायचं असतं." मी म्हटलं, "पण काका, फार दुखतं हो." तर म्हणाले, "दुखणारच. पानिपतावर काय खांदे मोजून भाले वाटले होते? नाचता येईना, अंगण वाकडं."

त्या म्हणीवर आमच्या घरात कुणी उत्तर दिलेलं नाही. मी तरी काय देणार? अंगण खरोखरच वाकडं होतं, मिस्त्रींनी मोजून दाखवलं होतं, दीड इंचानं वाकडं होतं. पुढच्या रविवारी काकांनी स्वतःच्या मनानं उपाय काढला, एक टॉवेल चौपदरी दुमडून माझ्या खांद्यावर पोलक्याच्या आत घालायला लावला. "घे, आता तक्रार नको." त्यांना वाटलं, त्यांनी दया केली. टॉवेलच्या जाडीनं बंदूक आणखी इंचभर लांब झाली आणि दस्ता हाडावरून सरकून थेट दंडावर गेला. इतकी वर्षं बंदूक चालवणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये? मी तेव्हा मानलं की कळत नव्हतं.

मग अंगानंच स्वतःची सोय करून घेतली. चाप ओढण्याच्या आधी क्षणभर माझे डोळे मिटायला लागले. खांदा मागे चोरला जायचा, मान आखडायची. मला ते कळत नव्हतं, फक्त तबकड्या फुटेनाशा झाल्या होत्या. चाचणीच्या आदल्या रविवारी रेंजवर दहा-बारा जण होते. त्या दिवशी बंदूक नानाकाकांनी भरून दिली, एरवी मीच भरत असे. मी उभी राहिले, "पुल" म्हणून ओरडले, तबकडी उडाली, मी चाप ओढला. नुसतं टक्. आवाज नाही, धक्का नाही. आणि त्या शांततेत माझं सगळं अंग पुढे हिसकलं, डोळे गच्च मिटलेले, नळी जमिनीकडे. त्यांनी वापरलेली, रिकामी काडतुसं भरली होती. मागे हशा पिकला. नानाकाकांनी बंदूक माझ्या हातातून घेतली आणि हिंदीत, सगळ्यांना समजावं म्हणून, म्हणाले, "देखा? बंदूक में कोई खोट नहीं. लड़की डरपोक है." मिस्त्री तेवढे हसले नाहीत. ते मान खाली घालून काहीतरी घासत बसले होते.

चाचणीत मी पंचवीसपैकी नऊ तबकड्या फोडल्या. संघात दुसरी मुलगी गेली. मी पुन्हा बंदूक उचलली नाही. इथेच थांबलं असतं तरी मी काकांना माफ केलं असतं, कारण वीस वर्षांच्या मुलीची हौस पुष्कळ घरांत मोडते. पण ती गोष्ट त्यांनी थांबू दिली नाही. गणपतीत, बारशांत, लग्नाच्या पंगतीत, चाळीस वर्षं ते ती सांगत राहिले. "आमची वैजू! रिकाम्या बंदुकीला घाबरली!" पुढे पुढे अभिनयही करायचे, डोळे मिटून, अंग हिसकावून. लोक पोट धरून हसत आणि मीही हसत असे. माझ्या सासरी ती गोष्ट माझ्याआधी पोचली होती. आणि माणूस एखादी गोष्ट चाळीस वर्षं ऐकतो तेव्हा ती खरी होते... मी गाडी चालवायला शिकले नाही. पुढे मिनिस्ट्रीत नोकरीला असताना बढतीवर ईशान्येत तीन वर्षांची बदली आली होती, ती नाकारली. साहेबांनी कारण विचारलं तर मी स्वतःच्या तोंडानं म्हटलं, "सर, मैं थोड़ी डरपोक हूँ." ती खुर्ची माझ्या ज्युनिअरला मिळाली. तो तिथून जॉइंट सेक्रेटरी होऊन परतला.

दहा-बारा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या मुलीला नेमबाजी शिकायची होती, म्हणून सोबतीला एका रेंजवर गेले. तिथली कोच एक तरुण बाई होती. तिनं त्या मुलीला दोन दिवस एकही गोळी झाडू दिली नाही. नुसतं माप घेत होती. दस्त्याची लांबी, गाल टेकतो तिथली उंची, खांद्याच्या खळगीशी जुळणारा तिरपेपणा. किल्ली फिरवून दस्ता पुढेमागे करत होती, जाड पॅड काढून पातळ लावत होती. मी विचारलं, "हे सगळं कशासाठी?" ती म्हणाली, "आंटी, गन फ़िट न हो तो दर्द होगा, और दर्द होगा तो बच्ची आँख बंद करेगी ही. फिर हम कहेंगे कि डरती है." इतक्या सहज म्हणाली ती. मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले आणि रडले. त्याच संध्याकाळी नानाकाकांना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले. सांगितलं, तो दस्ता माझ्या मापाचा नव्हता, मी भित्री नव्हते. काका म्हणाले, "हल्लीची पोरं नाजूक. आमच्या बंदुकीला कधी करवत लागली नाही आणि लागणार नाही." आणि फोन काकूकडे दिला.

त्यानंतरही मी त्या घरी जात राहिले, काकूसाठी. आणि गेल्या महिन्यात शिरीषनं बोलावलं म्हणून पुन्हा गेले. लायसन्सचा धनी गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, ते लायसन्सवाल्या दुकानात जमा करायचं असतं. त्याचे फॉर्म भरायचे होते आणि सरकारी कागद भरण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरले होते, काकूनं तिघांचा चहा आणला. शिरीषनं आतून बंदूक आणली. शेवटची पंधरा-वीस वर्षं पूजेतसुद्धा ती खणात गुंडाळलेली असायची आणि मला वाटायचं, म्हातारपणी भक्ती वाढली. शिरीषनं खण सोडला, बंदूक सांध्यातून उघडून नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली आणि नंबर वाचण्यासाठी माझ्याकडे दिली.

दस्त्याच्या टोकाला लाल रबर होतं.

मी उठून उभी राहिले आणि बंदूक खांद्याला लावली. विचार करून नाही, हातांनीच लावली. दस्ता खळगीत गेला आणि तिथे बसला. गाल टेकला. बोट चापावर होतं, जिथे असायला हवं तिथेच. बासष्टाव्या वर्षी, मयूर विहारच्या चौथ्या मजल्यावर, आमच्या घराण्याची बंदूक मला बरोबर बसली.

"हे कधी केलं?" मी विचारलं.

"अरे हां, वो... ते बाबांनी करून घेतलं होतं," शिरीष म्हणाला. "वीसेक वर्षं झाली असतील. त्यांचा खांदा फ्रोझन झाला होता ना, हात पुरायचा नाही, किक फार लागायची. इद्रीस मिस्त्रींच्या मुलाला घरीच बोलावलं. ताई, तुला माहीत नव्हतं?"

वीस वर्षं. म्हणजे मी फोन केला तेव्हा कपाटात ही कापलेली बंदूक होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान हे मी माणसांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलं आहे, पण असं नाही. माझ्या खांद्यावर होतं तोवर ते दुखणं लायकीची परीक्षा होतं. त्यांच्या खांद्यावर आलं तेव्हा ते सुतारकाम झालं, दोन तासांचं. मी काकूकडे पाहिलं. ती कपाकडे बघत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"माझ्यासमोरच कापला," काकू म्हणाली. "मिस्त्रीचा मुलगा गेल्यावर म्हणाले, वैजूच्या कानावर जाता कामा नये."

म्हणजे कळत होतं. टॉवेल दुमडताना कळत होतं की नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण करवत चालताना त्या माणसाला माझं नाव आठवलं होतं. आठवलं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पंगतीत त्यानं डोळे मिटून, अंग हिसकावून तीच गोष्ट पुन्हा सांगितली. मला आजवर त्यांचा राग होता. त्या क्षणी जे वाटलं त्याला राग म्हणता येणार नाही, ते त्याच्यापेक्षा थंड होतं.

"मला सांगितलं का नाहीस, काकू?"

"सांगितलं असतं तर परत या घरात पाऊल टाकलं असतंस?" तिनं विचारलं. "नसतंस टाकलं. मग मला कोण होतं?"

तिच्यावरही चिडायला हवं होतं. चिडलेही, थोडा वेळ. मग विचारलं, "कापलेला तुकडा टाकून दिला?" शिरीषला आठवेना. काकूनं हनुवटीनं खाली दाखवलं. टेबलाच्या खिडकीकडच्या पायाला कधीतरी वाळवी लागली होती, तेवढा पाय खालून कापून काढला होता, आणि उरलेल्या पायाखाली लाकडाचा एक ठोकळा होता. त्या टेबलावर मी वीस वर्षं दिवाळीचा फराळ खाल्ला होता. मी गुडघ्यांवर बसून वाकले. फरशी पुसून पुसून त्याचं पॉलिश गेलं होतं, पण मागच्या बाजूला बारीक चौकड्यांची नक्षी अजून होती. दस्ता खांद्यावरून घसरू नये म्हणून कोरतात तसली. ती मी कधी नीट पाहिली नव्हती, पण माझ्या खांद्याला ती चांगली ओळखीची होती. पूजेतल्या वस्तूचा हा भाग काकांनी टेबलाखाली घातला होता, आणि रोज त्याच टेबलावर जेवले होते.

"शिरीष, टेबल उचल जरा."

"ताई, चहा सांडेल यार. नंतर..."

"उचल."

त्यानं कोपरा उचलला. मी ठोकळा ओढून काढला आणि त्यानं टेबल खाली टेकवलं. टेबल खिडकीकडे कललं, कप घसरले, माझा चहा पोलिसांच्या फॉर्मवर सांडला. मी मोजपट्टी मागितली, शिरीषनं ती धावत आणून दिली, मला वाटतं मला शांत करायला. मी मोजलं. अडीच इंच. इंचभर रबर वजा केलं की दीड.

शिरीष फॉर्म झटकत म्हणाला, "मी खालून एखादी वीट घेऊन येतो, आई. असं कसं चालेल?"

काकूनं स्वतःचा कप उचलून हातात घेतला. दुसऱ्या हातानं तिनं बशी कुशीत धरली आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

"काही आणू नकोस," ती म्हणाली. "मी हातात धरून पिईन."